छात्रसेवाकाल : छात्राध्यापकाकडून अपेक्षा आणि त्यामागील धोरण

(व्याख्यानाचा पाठ)



'छात्राध्यापक' हा शब्द मोठा बोलका आहे. 'छात्र' आणि 'अध्यापक' अशी दोन पदे त्यात एकत्र आली आहेत. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात किंवा संलग्न महाविद्यालयात तो छात्र असतो. हजेरी, स्वाध्याय, चाचण्या, परीक्षा हे सारे त्याला लागू असते. तोच उमेदवार एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गावर जातो, तेव्हा मुले उठून उभी राहतात आणि त्याला 'सर' म्हणतात. मुलांच्या दृष्टीने त्या तासापुरता तरी तो पूर्ण शिक्षक असतो.

अध्यापक शिक्षणाच्या धोरणाचा सारा गाभा या दोन पदांच्या सांध्यात आहे. छात्राध्यापकाला शिकावयाचे असल्याने चुकण्याची मुभा हवी. परंतु ज्या मुलांसमोर तो चुकणार, त्यांचे ते शालेय वर्ष पुन्हा येणार नसते. छात्राध्यापकाला सराव हवा असतो; मुले मात्र सरावासाठी शाळेत आलेली नसतात. ही अडचण कोणतीही नियमावली पूर्णपणे सोडवू शकत नाही. तिची धार कमी कशी करावी, याचा विचार आपल्या देशात सुमारे सात दशके चालू आहे. बी.एड. अभ्यासक्रमाचा कालावधी, शाळेतील आठवडे, हजेरीची टक्केवारी हे परीक्षेत विचारले जाणारे तपशील त्या विचाराच्या ओघातच आले आहेत.

एका वर्षाकडून दोन वर्षांकडे

माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजेच मुदलियार आयोगाने, १९५२-५३ मध्ये पदवीधर शिक्षकांचे प्रशिक्षण तूर्त एका शैक्षणिक वर्षाचे असावे, परंतु कालांतराने ते दोन वर्षांचे करावे, असे सुचविले होते. ही सूचना देशभर अमलात येण्यास २०१५ साल उजाडावे लागले. धोरणातील शिफारस आणि तिची अंमलबजावणी यांत किती अंतर पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

मधल्या काळात निदानाची कमतरता नव्हती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) अध्यापक शिक्षणाच्या तिहेरी एकाकीपणावर नेमके बोट ठेवले होते. प्रशिक्षण संस्था विद्यापीठाच्या ज्ञानजीवनापासून तुटल्या आहेत, शाळेच्या दैनंदिन जीवनापासून तुटल्या आहेत आणि परस्परांपासूनही तुटल्या आहेत, असे आयोगाचे निरीक्षण होते. त्यापूर्वीच, १९६३ मध्ये, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये सुरू करून चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा प्रयोग केला होता. आज ही कल्पना नवी म्हणून मांडली जाते. ती तितकीशी नवी नाही. याच संस्थांनी १९९९ मध्ये दोन वर्षांचा बी.एड. अभ्यासक्रमही सुरू केला.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद १९७३ पासून सल्लागार स्वरूपाची होती. १९९३ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला आणि १७ ऑगस्ट १९९५ रोजी ती या नव्या स्वरूपात अस्तित्वात आली. मान्यता देणे, मानके ठरविणे व मान्यता काढून घेणे हे अधिकार तिच्याकडे आले. पुढे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २३ अन्वये प्राथमिक शिक्षकांची किमान अर्हता ठरविणारे शैक्षणिक प्राधिकरण म्हणूनही तिलाच अधिसूचित करण्यात आले. हे दोन अधिकार दोन वेगळ्या कायद्यांतून आलेले आहेत. परीक्षार्थींचा येथे पुष्कळदा घोटाळा होतो.

यानंतरच्या वळणाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. या राज्यातील २९१ डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि त्यातून न्यायालयाने २०११ मध्ये माजी सरन्यायाधीश न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार आयोग नेमला. प्रश्न एका राज्यातील विद्यालयांचा होता. आयोगाने मात्र देशातील अध्यापक शिक्षणाच्या समग्र स्थितीचा आढावा घेतला. ऑगस्ट २०१२ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालात सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या सुमारे ९० टक्के संस्था बिगरसरकारी क्षेत्रात असल्याचे नमूद आहे. प्रशिक्षणाचा कालावधी वाढवावा, ते बहुविद्याशाखीय वातावरणात व्हावे आणि प्रत्येक संस्थेला प्रयोगशाळेप्रमाणे स्वतःची संलग्न शाळा असावी, या आयोगाच्या शिफारशी होत्या. त्यांपैकी तिसरी अधिक मोलाची असूनही तिच्यावर सर्वांत कमी चर्चा झाली.

या अहवालाच्या आधारे परिषदेने २०१४ च्या अखेरीस नवे विनियम अधिसूचित केले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले.

२०१४ च्या विनियमांतील अपेक्षा

या विनियमांनी छात्राध्यापकाकडून काय मागितले, ते आकड्यांत पाहणे उद्बोधक आहे. प्रत्येक वर्षी प्रवेश व परीक्षांचा काळ वगळून किमान २०० कार्यदिन, आठवड्याला किमान ३६ तास संस्थेचे कामकाज आणि त्या वेळेत अध्यापक व छात्राध्यापक या दोघांचीही प्रत्यक्ष उपस्थिती, असे ठरविण्यात आले. किमान हजेरी सर्व अभ्यासक्रम व प्रात्यक्षिकांसाठी ८० टक्के आणि छात्रसेवाकालासाठी ९० टक्के ठेवण्यात आली. शाळेतील एकूण काळ २० आठवड्यांचा : पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करण्याची मुभा होती.

आठवडा सहा दिवसांचा धरला तर १६ आठवड्यांचे ९६ दिवस होतात. ९० टक्के हजेरी म्हणजे त्यांतील फार तर ९ दिवसांची अनुपस्थिती. महाविद्यालयातील व्याख्यानांना जी सवलत आहे, तिच्या निम्मीच सवलत शाळेत आहे, आणि हा फरक हेतुतः ठेवलेला आहे. व्याख्यान बुडाले तर नुकसान एकट्या छात्राध्यापकाचे होते. शाळेत तो आला नाही तर एका वर्गाची तासिका रिकामी जाते.

दुसऱ्या वर्षाच्या १६ आठवड्यांत उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी आणि माध्यमिक किंवा उच्च माध्यमिक अशा दोन स्तरांवर काम अपेक्षित होते. प्रारंभीचा एक आठवडा केवळ निरीक्षणाचा असावा, असेही सांगितले गेले. नियमित शिक्षक आपल्या वर्गात कसा वावरतो, परिपाठ कसा होतो, कोणता मुलगा कुठे आणि का बसतो, मधल्या सुटीनंतरच्या तासाला वर्गाची स्थिती काय असते, हे पाहण्यासाठी तो आठवडा आहे. अनेक संस्थांत हाच आठवडा सर्वप्रथम कापला जातो, कारण मुख्याध्यापकांना तासिका भरून हव्या असतात आणि छात्राध्यापकालाही पाठांची संख्या लवकर गाठावयाची असते.

शाळांच्या बाजूनेही मानके होती. परिसरातील किमान १० शाळांची लेखी तयारी संस्थेने मिळवावी आणि १००० पर्यंत पटसंख्या असलेल्या शाळेत दहाहून अधिक छात्राध्यापक पाठवू नयेत, असे अपेक्षित होते. विषयाच्या अध्यापन पद्धतीसाठी एका अध्यापकामागे २५ हून अधिक छात्राध्यापक नसावेत, अशीही मर्यादा होती. एकूण गुणांपैकी एक चतुर्थांश भारांश प्रत्यक्ष अध्यापनाच्या मूल्यमापनाला देण्यात आला. नाट्य व कला, माहिती तंत्रज्ञान, वाचन-चिंतन आणि स्वतःची ओळख या विषयांचे चार लहान अभ्यासक्रमही जोडण्यात आले. त्यांचे महत्त्व मोठे, परंतु तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

चाळीस पाठांचा हिशेब

एका वर्षाच्या जुन्या बी.एड. मध्ये सराव पाठांची संख्या साधारणतः ४० च्या घरात असे. आधी सूक्ष्म अध्यापन, मग सेतुपाठ, मग सराव पाठ असा क्रम होता. सूक्ष्म अध्यापनाचे तंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाले आणि १९७० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या उच्च अध्ययन केंद्रामार्फत भारतात रुजले. प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फलकलेखन अशी एकेक कौशल्ये पाच-सात मिनिटांत घोटून घेण्याची ही रीत नवख्यासाठी उपयुक्तच होती. दोष तंत्रात नव्हता. तंत्रालाच अध्यापन समजण्यात होता.

चाळीस मिनिटांची एक तासिका धरली तर ४० पाठांचे १६०० मिनिटे, म्हणजे २७ तासांहूनही कमी होतात. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे तास तयारीसह आठवड्याला किमान ४५ सांगितले आहेत. म्हणजे तयारीचा वेळ जमेस धरूनही, वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर नोकरीवर रुजू होणाऱ्या शिक्षकाचा वर्गातील अनुभव एक-दोन आठवड्यांच्या कामाइतकाच असे. शिवाय हे पाठ सुटे असत. आज या शाळेत सातवीला इतिहास, परवा दुसऱ्या शाळेत नववीला भूगोल. टाचण काढावे, तक्ते गुंडाळून न्यावेत, पाठ घ्यावा, निरीक्षकांचा शेरा घ्यावा आणि परतावे. त्या वर्गाचे पुढे काय झाले, हे छात्राध्यापकाला कळण्याची सोयच नव्हती.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सहावीच्या वर्गात छात्राध्यापिका अपूर्णांकांची तुलना शिकवीत आहे. टाचण उत्तम आहे, कागदाच्या रंगीत पट्ट्या तयार आहेत. १/४ आणि १/३ यांत मोठा कोणता, असे तिने विचारताच एक मुलगा ठामपणे सांगतो, "१/४ मोठा. कारण चार हे तीनपेक्षा मोठे." ती भाकरीचे उदाहरण देते. एक भाकरी तिघांत वाटली तर प्रत्येकाचा वाटा मोठा की चौघांत वाटली तर? वर्गाला पटते. घंटा होते. सुटा पाठ असता तर प्रसंग येथेच संपला असता आणि निरीक्षण वहीत 'दैनंदिन जीवनातील उदाहरणाचा चांगला वापर' असा शेरा पडला असता.

छात्रसेवाकालात तिला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर जावयाचे असते. आता प्रश्न २/३ आणि ३/४ यांचा आहे. तोच मुलगा म्हणतो, "दोन्ही सारखे. दोन्हींत एकेकच तुकडा कमी आहे." कालची भाकरी येथे पुरत नाही. मुलाने नियम चुकीचा लावला आहे, हे खरे. परंतु त्याने विचार केलेला आहे, आणि त्या विचाराचा धागा धरूनच त्याला पुढे न्यावे लागेल. कमी पडलेला तुकडा दोन्हीकडे सारख्याच आकाराचा आहे काय, असे विचारता येईल. तो काल शिकलेलेच वापरून उत्तर देऊ शकेल : १/४ चा तुकडा १/३ हून लहान, म्हणून ३/४ मध्ये कमी लहान पडते, म्हणून ३/४ मोठा. हा प्रश्न तिला वर्गात लगेच सुचेलच असे नाही. बहुधा तो त्या रात्री टाचण काढताना किंवा मार्गदर्शक शिक्षकाशी बोलताना सुचेल. तिसऱ्या दिवशी ती तो विचारील.

छात्रसेवाकालाचे धोरण या तिसऱ्या दिवसासाठी आहे. सोळा आठवडे मागितले जातात ते पाठांची संख्या वाढावी म्हणून नव्हे. आपण शिकविलेल्याचा परिणाम पाहण्याइतका काळ त्याच मुलांबरोबर राहता यावे, हा त्यामागील हेतू आहे. दिल्ली विद्यापीठाने १९९४ मध्ये सुरू केलेल्या चार वर्षांच्या बी.एल.एड. अभ्यासक्रमाने शाळेतील दीर्घ वास्तव्य आणि त्याविषयीचे नियमित चिंतनलेखन यांना मध्यवर्ती स्थान दिले होते. नंतरच्या राष्ट्रीय धोरणांनी या अनुभवाचा आधार घेतला.

भाषेचा प्रश्नही असाच सलग वास्तव्यात उमगतो. नंदुरबारच्या भिली बोलणाऱ्या, मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीतील माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलांपुढे प्रमाण मराठीत बोलणारा छात्राध्यापक पहिल्या आठवड्यात 'मुले उत्तर देत नाहीत' असे नोंदवितो. तो लक्ष देणारा असेल तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्याच्या नोंदवहीत 'मुले आपसांत उत्तर देतात, मला देत नाहीत' असे वाक्य येते. झारखंडमधील संथाली मुलांच्या शाळेत हिंदीतून शिकविणाऱ्याचा अनुभव याहून वेगळा असण्याचे कारण नाही.

वर्गातील मर्यादा

छात्राध्यापकाकडून वक्तशीरपणा, नीटनेटका पोशाख, टाचणाची तयारी, शाळेच्या नियमांचे पालन या अपेक्षा प्रत्येक संस्था सांगतेच. काही अपेक्षा मात्र कायद्याने घातलेल्या आहेत आणि त्यांत 'आम्ही अजून शिकत आहोत' ही सबब चालत नाही. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. मानसिक छळात मुलाला वर्गासमोर हिणविणे येते, टोपणनावाने हाक मारणे येते. मोठ्या वर्गावर नियंत्रण राहत नाही म्हणून जुन्या शिक्षकाची छडी उसनी घेण्याचा मोह नवख्याला होतो. शाळेत तशी रीत दिसली तरी ती त्याला मोकळीक देत नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याची माहिती असलेल्या किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे बंधनकारक आहे. 'कोणत्याही व्यक्तीने' या शब्दांत छात्राध्यापकही येतो. मुले पुष्कळदा वर्गशिक्षकापेक्षा या तरुण, नव्या माणसाशी अधिक मोकळेपणाने बोलतात. म्हणूनच ही तरतूद त्याला आधीपासून माहीत असली पाहिजे. मुख्याध्यापकांना आणि महाविद्यालयातील मार्गदर्शकांना सांगावेच, परंतु त्यांना सांगितल्याने कायद्यातील कर्तव्य संपत नाही.

मुलांची छायाचित्रे, त्यांच्या घरची परिस्थिती, गुण, आजार यांविषयीची माहिती अहवालात कशी यावी, हाही याच वर्गातील प्रश्न आहे. व्यक्ती अभ्यास लिहिताना मुलाचे नाव बदलले, परंतु गाव, वर्ग आणि वडिलांचा व्यवसाय तसाच ठेवला, तर नाव बदलून काय साधले?

आता दुसरी बाजू. अधिनियमाच्या कलम २४ मधील कर्तव्ये, म्हणजे नियमितता, ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकविणे, पालकांच्या सभा घेणे, ही शाळेच्या शिक्षकावर घातलेली आहेत. छात्राध्यापक हा नियुक्त शिक्षक नसतो. त्याने ती अर्हता अद्याप मिळविलेलीच नसते. म्हणून छात्रसेवाकालातही वर्गाची अंतिम जबाबदारी त्या वर्गाच्या नियमित शिक्षकाकडेच राहते, असेच मानले पाहिजे. कलम २६ ने मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक जागा रिक्त ठेवण्यास प्रतिबंध केला आहे. गणिताचे पद रिकामे आहे म्हणून गणिताच्या छात्राध्यापकांवर चार महिने वर्ग ढकलणे ही सोय कितीही परिचित असली, तरी तिला प्रशिक्षण म्हणता येत नाही. तेथे छात्राध्यापकाला मार्गदर्शक मिळत नाही आणि मुलांना शिक्षक. २०१४ च्या विनियमांत छात्रसेवाकालासाठी विद्यावेतनाची तरतूद नव्हती. वैद्यकीय पदवीधराला आंतरवासितेत विद्यावेतन मिळते, हे लक्षात घेता ही तुलना टाळता येत नाही.

दूरच्या तालुक्यातून येणारी, घर सांभाळून शिकणारी विवाहित छात्राध्यापिका आणि फी भरण्यासाठी सायंकाळी काम करणारा छात्राध्यापक यांच्यावर ९० टक्के हजेरीचा भार अधिक पडतो. त्यावर उपाय म्हणून काही संस्था हजेरी कागदावर पूर्ण करून देतात. न येता पदवी मिळण्याचा हा प्रकार अनेक राज्यांत सर्वांना ठाऊक आहे. हजेरीची अट सैल करण्यापेक्षा घराजवळची शाळा देणे, अभ्यासक्रम तीन वर्षांत पूर्ण करण्याच्या मुभेचा प्रामाणिक उपयोग करू देणे आणि गरजूंना शिष्यवृत्ती देणे हे मार्ग अधिक सरळ आहेत.

मार्गदर्शक शिक्षक

आतापर्यंतच्या नियमांत छात्राध्यापकाकडून किती आठवडे, किती टक्के, किती पाठ हे स्पष्ट आहे. शाळेतील ज्या शिक्षकाच्या हाताखाली तो काम करणार, त्याच्याविषयी मात्र नियमावली फारशी बोलत नाही. परिषदेने २०१६ मध्ये शालेय आंतरवासितेची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मार्गदर्शक शिक्षकाच्या भूमिकेचा विचार आहे. तथापि त्या शिक्षकाच्या वेळापत्रकात या कामासाठी तासिका राखून ठेवल्याचे क्वचितच दिसते. त्याला मानधन नाही, सेवापुस्तकात नोंद नाही, आणि महाविद्यालयाने त्याला विश्वासात घेऊन गुणदानात वाटा दिला आहे, असेही सर्रास आढळत नाही. परिणामी 'तुम्ही तास घ्या, मी पेपर तपासतो' एवढ्यावर मार्गदर्शन थांबते. यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही.

अपूर्णांकांच्या उदाहरणातील तो तिसरा दिवस कोणामुळे शक्य होतो? वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकणारा, मुलाचे उत्तर टिपून घेणारा आणि तास संपल्यावर दहा मिनिटे छात्राध्यापिकेशी बोलणारा कोणी असेल, तरच. महाविद्यालयातील प्राध्यापक एका शाळेत रोज जाऊ शकत नाही. दहा शाळांत विखुरलेल्या छात्राध्यापकांच्या भेटी घेताना तो प्रत्येकाचे मोजकेच पाठ पाहू शकतो. रोजचा माणूस हा शाळेतलाच असणार. त्याला आठवड्याला दोन तासिका मोकळ्या द्याव्यात, त्याच्या अभिप्रायाला गुणांत निश्चित हिस्सा असावा आणि विद्यापीठाने त्याच्यासाठी वर्षातून एक-दोन कार्यशाळा घ्याव्यात, या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. अंतर्गत गुण सढळ हाताने दिले जातात ही जी जुनी तक्रार आहे, तिच्यावरही याने काही प्रमाणात उतारा पडेल. कारण मूल्यमापन करणाऱ्याने प्रत्यक्ष काम पाहिलेले असेल.

२०२० चे धोरण आणि त्यानंतर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही २०३० पर्यंत किमान पदवी असावी, असे उद्दिष्ट ठेवले. इतर विषयांतील पदवीधरांसाठी दोन वर्षांचा, तर चार वर्षांची बहुविद्याशाखीय पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचा बी.एड. असा तिहेरी मार्ग त्यात आहे. अध्यापक शिक्षण देणाऱ्या प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेने परिसरातील शासकीय व खासगी शाळांचे जाळे उभारावे, असेही धोरण सांगते. वर्मा आयोगाच्या संलग्न शाळेची जागा येथे जाळ्याने घेतली आहे. एका शाळेवरचा भार त्यामुळे कमी होईल. परंतु सर्वांची शाळा ती कोणाचीच नाही, असे होण्याचा धोकाही त्यात आहे.

एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रमाची, म्हणजे आयटेपची, अधिसूचना ऑक्टोबर २०२१ मध्ये निघाली आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून निवडक संस्थांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्याच्या प्रवेशासाठी राष्ट्रीय परीक्षा संस्था सामाईक परीक्षा घेते. अकरावी-बारावीनंतर थेट या वाटेला लागणारा विद्यार्थी वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच शाळेकडे शिक्षकाच्या नजरेने पाहू लागेल, ही या कार्यक्रमाची जमेची बाजू होय.

याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निर्णयाने बी.एड. धारक पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदास पात्र नाहीत, हे स्पष्ट झाले. परिषदेची २८ जून २०१८ ची अधिसूचना त्यामुळे टिकली नाही. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि ते वेगळ्या प्रशिक्षणाने येते, हे तत्त्व त्यामागे आहे. ज्या वयाच्या मुलांसाठी छात्राध्यापकाची तयारी झाली, त्याच वयाच्या मुलांपुढे त्याने उभे राहावे, या विचाराशी ते सुसंगत आहे. अनेक राज्यांतील उमेदवारांना हा निर्णय कठोर वाटला, आणि ज्यांनी परिषदेच्या अधिसूचनेवर विसंबून अर्ज केले होते त्यांची नाराजी समजण्याजोगी होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये परिषदेने नव्या विनियमांचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड. चा प्रस्ताव त्यात होता. हे उमेदवार विषयज्ञानाने अधिक संपन्न असतील, हा युक्तिवाद योग्य आहे. तथापि वर्षाचे कार्यदिन २०० आणि शाळेतील वास्तव्य १६ आठवडे, म्हणजे ९६ दिवस, असे धरले तर महाविद्यालयासाठी १०४ दिवस उरतात. मानसशास्त्र, मूल्यमापन, अध्यापन पद्धती, समावेशक शिक्षण हे सारे त्यांत बसवावे लागेल. ते बसत नाही म्हणून शाळेतील आठवडे कमी केले, तर हिशेब पुन्हा चाळीस पाठांच्या जवळ जाईल. दोन आठवडे सिद्धान्त, दोन आठवडे शाळा अशी आलटूनपालटून रचना केली, तर मात्र तेच १०४ दिवस वेगळ्या रीतीने उपयोगी पडू शकतात. कारण छात्राध्यापक महाविद्यालयात परत येईल तो वर्गात पडलेले प्रश्न बरोबर घेऊन.